निचऱ्याची चावी

मला लिहिण्याचा काही अधिकार नाही, हे आधीच मान्य करते. साठी उलटल्यावर पहिल्यांदा लिहू लागलेल्या बाईने निदान नातवंडांविषयी किंवा केलेल्या प्रवासांविषयी लिहावे, अशी वाचकाची अपेक्षा असणार आणि ती रास्तच आहे. मी लिहिणार आहे ते एका रुग्णालयातील पाइपांविषयी. आयुष्यभर मी दुरुस्तीचे अहवाल आणि सुट्या भागांच्या याद्या लिहिल्या. शाळेत मराठीच्या बाई माझे निबंध वर्गात वाचून दाखवीत आणि मी त्या वेळी बाकाखाली वाकून बुटाची नाडी बांधत बसे. एवढ्याच शिदोरीवर हे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. तोंडाने सांगता आले असते तर मी लिहिले नसते.

सांगायचे ते थोडक्यात असे आहे. एका माणसाला गेली दोन वर्षे वाटते आहे की, आपण एक चावी उघडायला विसरलो आणि त्यामुळे आपल्या मित्राचा हात गेला. तसे घडलेले नाही. काय घडले ते मला ठाऊक आहे.

पनवेलमधील एका धर्मादाय रुग्णालयात मी देखभाल विभागाची अभियंता होते. इमारतीच्या मागे बॉयलर होता. त्याची वाफ धुलाईघरात जाई, शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करण्यासाठी जाई आणि उरलेली तळमजल्यावरच्या एका खोलीत, जिथे सगळ्या वॉर्डांचे आंघोळीचे पाणी तापे. त्या खोलीत लोखंडाचे एक आडवे पिंप होते. त्याच्या पोटात तांब्याच्या नळ्यांचा जुडगा होता. नळ्यांतून वाफ फिरे, बाहेरून पाणी. दोघे एकमेकांना न भेटता एकाची ऊब दुसऱ्याला मिळे. पुस्तकात त्याला उष्मा-विनिमयक म्हणतात. आमच्याकडे सगळे त्याला ढोल म्हणत.

ढोल माझ्यापेक्षा जुना होता. शेवटच्या वर्षी त्याच्या नळ्या जागोजागी कुजल्या आणि वॉर्डात तांबूस पाणी येऊ लागले. प्रसूती विभागाच्या सिस्टर एका सकाळी बादलीच घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"मॅडम, बाळंतिणी विचारतायत, ही आंघोळ आहे की काढा?"

मी हसले नाही. मला वाटले, त्या रागावल्या आहेत. त्या हसत होत्या, हे नंतर कळले. माणसांच्या बाबतीत माझे नेहमी असेच होते.

नवा ढोल आणि भिंतीवरच्या व्हॉल्व्हपासून पुढची सगळी नवी पाइपलाइन, असे काम ठरले. ढोल रुग्णालयाच्या अध्यक्षांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ दिला. अध्यक्ष विचुंब्याकडचे, पूर्वी घरची भातशेती, आता इमारती. माणूस वाईट नव्हे, हे मी मुद्दाम लिहिते. आईविषयी बोलताना त्यांचा आवाज खाली येई.

काम करणारे दोघे. बॉयलरवर होते ते जासईचे. वडिलांचे आयुष्य मिठागरात गेले, हे पंचविशीत बॉयलरवर आले आणि तिथेच राहिले. सगळे त्यांना मामा म्हणत. चारचौघांत ते मला 'म्याडम' म्हणत आणि बॉयलरपाशी दोघेच असलो की 'बाय'. आगरी घरात मुलीला, बहिणीला अशी हाक मारतात. मला त्या हाकेचे किती अप्रूप होते, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. दुसरे वेल्डर, पनवेलच्याच मोहल्ल्यातले. आखातात अनेक वर्षे तेलाच्या पाइपांना टाके घालून परत आलेले. त्यांना सगळे चाचा म्हणत. दोघांची मैत्री वीस वर्षांची होती आणि वीस वर्षे ते एकमेकांची खोडी काढत होते.

"चाचा, तुमचा टाका बगला. मुंगी सहकुटुंब आत जाईल."

"जाऊ दे की. तुझ्या बॉयलरची वाफ तितपत पोचेल तर मुंगी भाजेल ना!"

"माजी वाफ? आरं, माजी वाफ तुमच्या दुबईला ऐकू जाते."

"तिथनंच तर पळून आलो, तुझ्या वाफेच्या तकलीफीनं."

गुरुवारी सकाळी गरम पाणी बंद केले. शनिवारी दुपारपर्यंत ते पुन्हा सुरू करायचे होते. तीन दिवस उपाहारगृहात मोठाल्या पातेल्यांत पाणी तापले आणि आयांनी ते बादल्यांतून जिन्याने वर नेले. प्रत्येक बादली माझ्या खोलीवरून जाई. कोणी काही बोलत नसे, पण बादली माझ्या दाराशी टेकवून एकेक आया दम घेई, तेव्हा मला कुठे पाहावे ते समजत नसे.

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात मामांनी ती मला सांगितली होती. मी पदवीधर होते, मला ती समीकरणांत येत होती. पण समजली ती त्यांच्याकडून.

"बाय, थंड पाइपात वाफ गेली का तिचा पानी होतो. त्या पान्याला वाट द्याची. वाट नाय दिली तर मागची वाफ त्याला ढकलते, आनि मंग तो पानी पानी नाय रहात. धोंडा होतो. जिथं वळन हाय तिथं जाऊन आदळतो."

वाट द्यायची म्हणजे लाइनच्या सर्वांत खालच्या जागी असलेली निचऱ्याची चावी, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी छोटी तोटी, उघडी ठेवायची. आधी घाण पाणी येते, मग फुरफुरत पाणी आणि वाफ, मग नुसती कोरडी वाफ. लाइन तापली हे तेव्हा कळते. तोवर वरचा मोठा व्हॉल्व्ह पाव फेऱ्याहून अधिक फिरवायचा नाही.

आणि मामांचा एक नियम होता. चावी ज्याने उघडली, त्यानेच ती बंद करायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग तो साहेब असो की साहेबाचा साहेब. एकदा एका पाहुण्या तज्ज्ञाने सहज एक चावी फिरवली, तर मामांनी त्यांचे मनगट धरले होते. या नियमामुळे आमच्याकडे तोवर कधी अपघात झाला नव्हता. याच नियमामुळे नंतर कोणाला दुसरी शंकाही आली नाही.

शनिवारी साडेदहाला काम पुरे झाले. चाचांनी पाइपला निचऱ्याकडे उतार दिला होता, तो हाताने चाचपून मला दाखवला. "मॅडम, पाण्याला इज्जतीनं खाली जायला रस्ता पायजे. धक्के देऊन काढलेला पाहुणा आणि पाणी, दोघं पलटून येतात." मामांनी निचऱ्याची चावी उघडली, मग भिंतीशी ठेवलेल्या घडवंचीवर चढून वरचा व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवला. पाइपांतून टकटक असा बारीक आवाज आला आणि खाली काळसर गरम पाणी फरशीवर पडू लागले. सारे नीट चालले होते. एक तास असाच जाऊ दिला असता, तर मला आज काही लिहावे लागले नसते.

पण पावणेअकराला अध्यक्ष आले. बरोबर त्यांच्या घरची मंडळी, दोन विश्वस्त, हार, नारळ, आरतीचे ताट. मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा होता. आमच्याकडे नव्या यंत्राची पूजा होतेच आणि ती व्हावी असे मलाही वाटते. आमच्या बॉयलरला दसऱ्याला मामा स्वतः हळद-कुंकू वाहत. मुहूर्त मला आठवडाभर आधी सांगितला होता. 'एवढ्यात लाइन तापणार नाही, पूजा आधी करू आणि वाफ दुपारी सोडू,' हे वाक्य मी घरी दोनदा म्हणून पाहिले होते. अध्यक्षांच्या समोर ते निघाले नाही.

ढोलावर पितळी पाटी होती. तिच्यावर त्यांच्या आईचे नाव. पाटीखाली चटई अंथरली. एक वयस्कर आत्याबाई अनवाणी पुढे आल्या, आणि निचऱ्याचे पाणी चटईच्या कडेपर्यंत पोचले. अध्यक्ष माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मॅडम, एवढं पाणी जरा बंद करता येईल का? आत्याच्या पायाशी येतंय."

मी वर मामांकडे पाहिले. खोलीत माणसे दाटली होती. मी त्यांना हाताने खूण केली की व्हॉल्व्ह बंद करा. त्यांनी मान हलवली आणि बंद केला. त्यांना वाटले, पूजा होईपर्यंत थांबायचे आहे. पाणी तरीही ठिबकत होते. तेव्हा मी वाकले आणि निचऱ्याची चावी माझ्या हाताने बंद केली. मामांना ते दिसले नाही. मध्ये सात-आठ जण उभे होते. चाचा ढोलाच्या तोंडाशी बसून शेवटचा बोल्ट पुसत होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. मनात म्हटले, वाफ सोडण्याआधी पुन्हा उघडीन. इतके तरी मी स्पष्ट म्हटले होते.

आरती सुरू झाली. घंटा वाजत होती. पंधरा मिनिटांत लाइन निवत गेली, आत अडकलेल्या वाफेचे पाणी होऊन खाली साचत गेले. मला ते माहीत होते. मी चावीपासून चार पावलांवर होते आणि मधे आत्याबाई हात जोडून उभ्या होत्या. त्यांना 'जरा सरकता का' म्हणायला हवे होते. एवढेच.

नारळ फुटला. अध्यक्ष म्हणाले, "हं, सोडा."

मामांनी माझ्याकडे पाहिले. ते नेहमी माझ्याकडे पाहत. मी मान हलवल्याशिवाय ते व्हॉल्व्हला हात लावत नसत. मी मान हलवली.

त्यांनी पाव फेरा फिरवला. घंटा चालूच होती, टाळ्याही सुरू झाल्या; निचऱ्याचा फुरफुराट ऐकू येत नाही, हे त्या गलक्यात त्यांना कसे कळावे? कोणीतरी म्हणाले, "पूर्ण सोडा की, मामा!" त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा मान हलवली.

दगडाने पिंप बडवावे तसा एक आवाज झाला. दुसऱ्या आवाजाला ढोलाच्या तोंडाशी असलेल्या जोडाची फट बुजवणारे गॅस्केट फुटले. उकळते पाणी आणि वाफ बाजूने उसळली ती चाचांच्या उजव्या हातावर. मामांनी क्षणात व्हॉल्व्ह आवळला आणि घडवंचीवरून खाली उडी मारली. चाचा ओरडलेदेखील नाहीत. हात छातीशी धरून ते म्हणाले, "अरे, बंद केलास ना? बाकी कोणाला लागलं?" आम्ही रुग्णालयात होतो, एवढेच काय ते बरे, दोन मिनिटांत ते जळित कक्षात होते.

खोली रिकामी झाल्यावर मामा निचऱ्याच्या चावीपाशी गुडघ्यांवर बसले. ती बंद होती. त्यांनी तिला हात लावला नाही. मग मागे वळून मला म्हणाले, "बाय, मी हिला खोलली व्हती ना?"

मी तेव्हा सांगायला हवे होते. मी म्हणाले, "आधी चाचांकडे जाऊ या."

चौथ्या दिवशी चौकशीची बैठक झाली. अध्यक्ष, दोन विश्वस्त, मी आणि मामा. मामांना खुर्ची दिली होती, पण ते उभेच राहिले. मी घरून एक वाक्य तयार करून नेले होते: 'निचऱ्याची चावी मी बंद केली होती, मामांचा यात दोष नाही.' मी ते मनात इतक्या वेळा घोळवले होते की त्यात कुठे थांबायचे हेही ठरलेले होते.

वयस्कर विश्वस्तांनी विचारले, "खालची चावी उघडली होती का तुम्ही?"

"खोलली व्हती, सायेब."

"मग बंद कशी सापडली? दुसरं कोणी हात लावतं का?"

"नाय. आमच्याकडं तसा रिवाज नाय. ज्याची चावी त्यानं."

"मग?"

सर्वांनी एकामागोमाग एक माझ्याकडे पाहिले, कारण मी अभियंता होते. तोच तो क्षण होता. याहून सोयीचा मला कधी मिळणार नव्हता. अध्यक्षांनीही पाहिले. पाणी बंद करायला त्यांनीच सांगितले होते, हे त्यांना आठवत होते की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्यांना चावी आणि नळ यांतला फरक कळत नसावा. मी माझ्या हातातील कागदाकडे पाहिले.

"खोलली असंल असं वाटतं," मामा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. "तीस वर्सं खोलतो हाय. हाताला सवय हाय. पन त्या दिवशी गर्दी व्हती... नाय सांगता येत, सायेब."

अहवालात लिहिले गेले, 'निचऱ्याची चावी उघडण्याचे राहून गेले.' खाली माझी सही आहे. कोणी त्यांना काढून टाकले नाही. निवृत्तीला दोन वर्षे होती, तोवर बागेचे काम करा, असे अध्यक्ष मायेनेच म्हणाले. मामा दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. फुटलेले गॅस्केट बदलले. अपघातानंतरच्या सोमवारपासूनच वॉर्डात स्वच्छ गरम पाणी येते. सिस्टरांनी मला पेढा दिला, आणि मी तो खाल्ला.

चाचांची तीन बोटे आता वळत नाहीत. वेल्डिंगचा होल्डर त्यांना धरता येत नाही; मुलाच्या दुकानात बसतात. भेटले तेव्हा म्हणाले, "माझं जाऊ द्या, मॅडम. दोनदा जासईला जाऊन आलो. सून सांगते, घरी नाहीत. आतून खोकला ऐकू येतो त्याचा. वीस वर्षांची दोस्ती, आणि मला तोंड दाखवत नाही. मी काय त्याला गुनाहगार समजतो? चूक होते माणसाच्या हातून. एवढं सांगा त्याला, तुमचं ऐकेल."

चूक होते माणसाच्या हातून. मी त्यांच्या समोर बसून चहा प्यायले आणि 'हो' म्हणाले.

निवृत्त झाल्यावर, या वर्षी, मी जासईला गेले. घर रस्त्याला लागून. बाहेरून कंटेनरचे ट्रेलर जात आणि भिंतीवरची भांडी किणकिणत. मामा ओटीवर बसले होते. मला पाहून उठले, आणि पहिल्यांदाच, कोणी आसपास नसताना, "या, म्याडम," म्हणाले. सून बाजारात गेली होती. मला चहा द्यायचा म्हणून ते स्वयंपाकघरात गेले, शेगडीपाशी उभे राहिले आणि तसेच बाहेर आले.

"थांबा थोडा. सून येल ती करंल चहा. गॅसला मी हात नाय लावत."

"का हो, मामा?"

"माज्या हाताचा भरोसा नाय रहला. खोलतो का बंद करतो, मागून मनालाच सांगता येत नाय." ते आपले हात पाहत होते, एखाद्या परक्या माणसाचे पाहावेत तसे. "रातचा उठून बघतो, सिलिंडर बंद हाय का. सुनेला सांगतो, तू बघ. ती सांगते, बंद हाय. मंग तिच्यावर इस्वास ठेवतो. चाचाच्या समोर काय तोंडानं जाऊ? त्याचा हात मी खाल्ला."

वाक्य माझ्या तोंडाशी होते. अगदी ओठांपर्यंत आले होते. मग मला वाटले, हे आता सांगितले तर त्यांचा हात त्यांना परत मिळेल. पण ज्या एका माणसाकडे पाहून ते तीस वर्षांतली निम्मी-अधिक वर्षे व्हॉल्व्ह उघडत आले, तो माणूस जाईल. हा विचार मला खरा वाटला आणि लगेच लाजही वाटली, कारण तो मलाच सोयीचा होता. तेवढ्यात सून आली. मी चहा घेतला. त्यांनी मला रस्त्यापर्यंत पोचवले आणि ट्रेलर थांबेपर्यंत हात आडवा धरून उभे राहिले.

त्याला आता सहा आठवडे झाले. येत्या रविवारी सांगायचेच, असे ठरवून तीन रविवार गेले. अध्यक्षांना आणि विश्वस्तांना मी पत्र पाठवीन, ते कठीण नाही. पत्रे मी आयुष्यभर लिहिली. पण या दोघांना तोंडाने सांगायला हवे. मामांना आधी सांगितले, तर चाचांनी दोन वर्षे एका निर्दोष माणसाला माफ करण्यात घालवली, हे चाचांना दुसऱ्या कोणाकडून कळेल. चाचांना आधी सांगितले, तर ते त्याच पावली जासईला धावतील आणि मामांना माझ्या गुन्ह्याची बातमी माझ्या तोंडून मिळणार नाही. दोघांना एकत्र बसवावे, तर मामा येणार नाहीत. मी कोणाला विचारू, तेही मला सुचत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. माझ्या जागी तुम्ही असता, तर आधी कोणाच्या दारात गेला असता?